ऑनलाइन प्रात्यक्षिक मध्येच का सुटते, आणि सुटू नये म्हणून काय करावे

प्रश्न असा आहे. एका महाविद्यालयाने बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सची प्रात्यक्षिके ऑनलाइन केली आहेत. ब्रेडबोर्ड (तारा खोचून सर्किट जोडायची पाटी), मल्टिमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजायचा मीटर), बॅटरी, रेझिस्टर आणि विद्युतभार साठवणारे कपॅसिटर असे किट विद्यार्थ्यांना घरी दिले आहे, उरलेले प्रयोग संगणकावरच्या सिम्युलेशनवर आहेत, आणि दहाही प्रयोग सत्रभरात ज्याने त्याने आपल्या सवडीने करायचे आहेत. पहिला प्रयोग जवळपास सगळे उघडतात, तिसऱ्यापर्यंत निम्मे गळतात, आणि सबमिशनच्या आठवड्यात सगळी जर्नले एकदम येऊन पडतात, तीही एकमेकांशी हुबेहूब जुळणाऱ्या रीडिंगची. प्राध्यापकांनी आठवणीचे संदेश पाठवले, व्हिडिओ नव्याने केले, गुण वाढवून पाहिले. फरक पडला नाही. आता काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर थोडक्यात असे. ज्या अभ्यासक्रमाला विद्यार्थ्याकडून असे काही हवे असते जे फक्त तोच देऊ शकतो, म्हणजे त्याने स्वतः घेतलेले रीडिंग, आणि ते रीडिंग पुन्हा घेण्याची वेळ टळून जाण्यापूर्वी जिथे कोणीतरी ते पाहते, त्या अभ्यासक्रमात विद्यार्थी टिकतो. संदेश, व्हिडिओ आणि गुण या सगळ्याचा क्रम त्यानंतर लागतो. पुढे जे लिहीत आहे ते या एका गोष्टीचाच विस्तार आहे.

गळती कुठे होते, ते आधी नीट पाहू. प्रयोगशाळेत विद्यार्थी अडतो तेव्हा तो शेजारच्या टेबलाकडे पाहतो, लॅब असिस्टंटला हाक मारतो, आणि दोन मिनिटांत कळते की बॅटरीची तार चुकीच्या ओळीत खोचली आहे. घरी तोच विद्यार्थी तसाच अडतो, पण त्याचे अडणे कोणालाच दिसत नाही. तो लॅपटॉप मिटतो, उद्या पाहू म्हणतो, आणि तो उद्या सबमिशनच्या आठवड्यात उगवतो. बाहेरून हा आळस वाटतो. पण मधेच सोडून दिलेले प्रयोग उघडून पाहिले, तर त्यातले बहुतेक याद्या, तक्ते किंवा जोडणी यांतल्या एखाद्या ठरावीक पायरीवर थांबलेले दिसतात. निरीक्षण तक्त्यात तीन रीडिंग भरलेली असतात आणि चौथे रिकामे असते. आपल्या उपायांची सुरुवात त्या रिकाम्या चौकटीपासून व्हायला हवी.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. कपॅसिटर चार्ज करून रेझिस्टरमधून डिस्चार्ज होऊ द्यायचा आणि व्होल्टेज सुरुवातीच्या सुमारे ३७ टक्क्यांवर यायला किती वेळ लागतो ते मोजायचे, हा प्रयोग घरच्या किटमध्ये हमखास असतो. ९ व्होल्टची बॅटरी असेल तर ३.३ व्होल्टवर काटा, म्हणजे आकडा, येईपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचने घ्यायचा. १ मेगओहम आणि १० मायक्रोफॅरड या जोडीला गणिताने, म्हणजे दोन्ही मूल्यांच्या गुणाकाराने, १० सेकंद लागायला हवेत. विद्यार्थ्याला मिळतात पाचच्या आसपास. तो पुन्हा करतो, पुन्हा पाच. जोडणी तपासतो, ती बरोबर असते. दोष त्याचा नसतोच, कारण बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध डीसी व्होल्टेजसाठी १ मेगओहमच असतो. मीटर जोडला की तो रेझिस्टरला समांतर बसतो, एकूण रोध निम्मा होतो आणि वेळही निम्मा होतो. १० मेगओहमच्या मीटरवर हाच वेळ ९.१ सेकंद आला असता.

प्रयोगशाळेतल्या शिक्षकासाठी हा शिकवण्याचा उत्तम क्षण असतो. घरी एकट्या बसलेल्या विद्यार्थ्यासाठी तोच अभ्यासक्रम सोडण्याचा क्षण ठरतो, किंवा मित्राच्या जर्नलमधून १०.२ सेकंद उतरवून घेण्याचा. दोन्ही प्रकारांत तो आपल्या हातून निसटतो, आणि दुसऱ्या प्रकारात तर आपल्याला ते कळतही नाही. म्हणून पहिल्या फेरीत १० किलोओहम आणि १००० मायक्रोफॅरड द्यावेत. वेळ तोच, १० सेकंदांचा, आणि मीटरचा परिणाम एक टक्क्याच्या आसपास. विद्यार्थ्याच्या हाताला यश मिळते. मग दुसऱ्या फेरीत मुद्दाम १ मेगओहम द्यावा आणि विचारावे की आता वेळ निम्मा का झाला. जे कोडे पहिल्या दिवशी त्याला बाहेर ढकलत होते, तेच तिसऱ्या दिवशी त्याला आत ओढते. साहित्य तेच असते, फक्त क्रम बदललेला असतो.

म्हणून माझी पहिली विनंती ही की, दहाही प्रयोग विद्यार्थ्यांना दिले आहेत त्याच किटने, त्याच मीटरने, मदत न घेता कोणीतरी घरी करून पाहावेत. हे काम विषय येणाऱ्या प्राध्यापकापेक्षा नुकताच दुसऱ्या वर्षातून पुढे गेलेला विद्यार्थी जास्त चांगले करतो. तो जिथे जिथे थांबेल, तिथे एक ओळ लिहावी: असे दिसले तर हे तपासा. लांब ब्रेडबोर्डवर वरच्या-खालच्या वीजपुरवठ्याच्या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असू शकतात, ही माहिती सूचनापत्रिकेच्या शेवटी टाकून चालत नाही, कारण जोडणी करताना अर्धे सर्किट मृत निघते तेव्हाच ती हवी असते. मदत अडण्याच्या जागी असावी.

आता गतीविषयी. स्वतःच्या गतीने शिकवण्याची कल्पना इंटरनेटच्या बरीच आधीची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये ब्राझिलिया येथे अशा पद्धतीचा अभ्यासक्रम सुरू केला. घटक लहान, लेखी साहित्य भरपूर, एक घटक पक्का झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही, आणि तो पक्का झाला की नाही हे पाहायला तोच अभ्यासक्रम आधी पूर्ण केलेले विद्यार्थी. पुढची कित्येक वर्षे ही पद्धत अनेक विद्यापीठांत वापरली गेली, आणि तिच्याविषयी जी एक तक्रार सातत्याने नोंदवली गेली ती चालढकलीची होती. मोकळीक दिली की पुष्कळ विद्यार्थी काम शेवटावर ढकलतात, आणि त्यातले काही शेवटापर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा आपल्या प्राध्यापकांना जे दिसते आहे ते नवे नाही, आणि केवळ मोबाइलच्या पिढीचेही नाही.

केलर यांच्या रचनेतला जो भाग आपल्याकडे सर्वांत सहज गाळला जातो, तो आधीच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा. स्वतःची गती आपण ठेवतो, कारण त्याला खर्च नाही. माणूस काढून टाकतो, कारण त्याला खर्च आहे. मग उरते ती फक्त ढिलाई.

याच्या दुसऱ्या टोकाला ठरावीक मुदतींचा अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन मंचावर आयआयटी वगैरे संस्था चालवतात त्या एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत दर आठवड्याला असाइनमेंट आणि तिची अंतिम तारीख असते. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात त्यांतल्या सर्वोत्तम आठांची सरासरी धरून तिला एकूण गुणांत २५ टक्के वजन मिळते आणि प्रत्यक्ष केंद्रावरच्या परीक्षेला ७५ टक्के. बारापैकी चार वगळण्याची ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. मुदत कडक राहते, पण एका चुकलेल्या आठवड्याने विद्यार्थी बाद होत नाही. अर्थात मुदतींनी सगळे साधते असेही नाही. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाचा सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला मोठा खुला अभ्यासक्रम २०१२ मध्ये झाला, त्यात ऑनलाइन सर्किट प्रयोगशाळा होती, आठवड्याच्या मुदती होत्या. सुमारे १ लाख ५५ हजार लोकांनी नोंदणी केली आणि ७,१५७ जणांना प्रमाणपत्र मिळाले. त्यातले पुष्कळ जण केवळ पाहायला आले होते हे खरे, त्यामुळे त्या आकड्याशी महाविद्यालयाची तुलना करू नये. पण उत्तम साहित्य आणि वेळापत्रक हे दोन्ही असूनही माणसे सुटतात, एवढे त्यावरून घ्यावे.

आपल्या पदवीच्या वर्गासाठी मला मधला मार्ग योग्य वाटतो. दहा प्रयोगांचे तीन गट करावेत आणि प्रत्येक गटाला चार आठवड्यांची खिडकी द्यावी. खिडकीच्या आत कोणता प्रयोग आधी, कोणता नंतर, रात्री की रविवारी, हे विद्यार्थ्याने ठरवावे. खिडकी बंद झाली की त्या गटातला एखादा राहिलेला प्रयोग फक्त भरपाईच्या आठवड्यात करता यावा, आणि तो आठवडा आधीपासून वेळापत्रकात छापलेला असावा. आपल्याकडच्या पहिल्या सत्रात गणपती आणि नवरात्र येतात, गावाकडच्या मुलांना शेतातली कामे असतात, अनेक जण दिवसा नोकरी करतात. या गोष्टी धरूनच तारखा लावाव्यात. गणपतीच्या आठवड्यात मुदत ठेवून मग ती दोनदा वाढवली की विद्यार्थ्यांना कळून चुकते की इथल्या तारखा खऱ्या नसतात, आणि पुढची एकही तारीख मग कोणी मनावर घेत नाही.

पहिल्या खिडकीतला पहिला प्रयोग मात्र वेगळा असावा. तो पहिल्या पाच दिवसांत, अर्ध्या तासात होणारा आणि हमखास जमणारा असावा. उदाहरणार्थ, किटमधल्या पाच रेझिस्टरांची मूल्ये रंगपट्ट्यांवरून वाचायची, मल्टिमीटरने मोजायची, आणि तक्त्याचा फोटो पाठवायचा. यात किट तपासून होते, फोटो कसा चढवायचा ते कळते, मीटरची बॅटरी संपलेली असेल तर तेही कळते. या फोटोला दोन दिवसांत माणसाने लिहिलेले उत्तर गेलेच पाहिजे. सत्रभरात शिक्षकाचा वेळ कुठे सर्वांत जास्त खर्च करावा असे कोणी विचारले तर मी याच आठवड्याकडे बोट दाखवेन.

आता रीडिंगविषयी, कारण सगळा जीव त्यात आहे. आपल्याकडे रीडिंग ‘जुळवणे’ ही जुनी सवय आहे. उत्तर आधीच माहीत असते, आलेख सरळ यायला हवा असतो, आणि गुण जुळलेल्या उत्तराला मिळतात. अशा व्यवस्थेत घरी प्रयोग करणारा विद्यार्थी प्रयोग न करणाऱ्यापेक्षा तोट्यात जातो, कारण खरे रीडिंग जुळत नाही. ज्या कामात प्रामाणिकपणाचा तोटा होतो त्यात मन लागत नाही. म्हणून गुण उत्तराला न देता, रीडिंगचे काय केले याला द्यावेत.

यासाठी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत झालेला एक अभ्यास मार्गदर्शक आहे. नताशा होम्स, कार्ल वायमन आणि डग्लस बॉन यांनी तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, १० अंश आणि २० अंश अशा दोन कोनांवर मोजायला सांगितले, दोन्ही मापांची त्यांच्या अनिश्चिततेसह, म्हणजे माप किती इकडेतिकडे असू शकते हे धरून, तुलना करायला लावली, आणि मग तुलनेच्या आधारे प्रयोग सुधारून पुन्हा करायला सांगितले. पुस्तकात आवर्तकाल कोनावर अवलंबून नाही असे वाचलेले असते. प्रत्यक्षात दोहोंत अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त फरक असतो. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका आवर्तनाला सुमारे दोन सेकंद लागतात, म्हणजे वीस आवर्तनांत फरक सेकंदाच्या पाव भागाच्या थोडा आत राहतो, आणि स्टॉपवॉच दाबणाऱ्या हाताची चूकही साधारण तेवढीच असते. पहिल्या फेरीत काही दिसत नाही. माप सुधारले की फरक हळूहळू वर येतो. पुढे सूचना काढून घेतल्यावरही या विद्यार्थ्यांनी आपणहून पद्धत सुधारण्याचे किंवा तसे सुचवण्याचे प्रमाण तुलनेच्या गटाच्या बारा पट आढळले.

घरच्या प्रात्यक्षिकाला ही रचना नेमकी लागू पडते, कारण विद्यार्थी परत येण्याचे कारण तिच्यातच आहे. पहिली फेरी पाठवायची, तिच्यावर एक प्रश्न परत यायचा, आणि त्या प्रश्नासाठी दुसरी फेरी करायची. दहा प्रयोग एकेकदा करण्यापेक्षा सहा प्रयोग दोनदा केलेले मला अधिक मोलाचे वाटतात, आणि अभ्यास मंडळाची परवानगी मिळाली तर संख्या कमी करावी असा माझा आग्रह आहे. मोजमापासाठी फोनही वापरता येतो: जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे मोफत ॲप फोनमधल्या सेन्सरची रीडिंग देते आणि ती फाइल म्हणून पाठवताही येतात. फक्त स्वस्त फोनमध्ये सगळे सेन्सर नसतात हे धरून, त्वरणमापक आणि मायक्रोफोन यांवर भागणारेच प्रयोग सर्वांसाठी ठेवावेत.

सिम्युलेशनच्या प्रयोगांत अडचण वेगळी असते. तिथे रीडिंग चुकत नाही, त्यामुळे अडणेही नाही आणि गुंतणेही नाही. मुले बटणे दाबत शेवटाला पोचतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय अभियानातून आयआयटी दिल्लीच्या समन्वयाने उभ्या राहिलेल्या आणि पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचाही सहभाग असलेल्या व्हर्च्युअल लॅब्समध्ये उद्दिष्ट, सिद्धांत, पूर्वचाचणी, कृती, सिम्युलेशन, उत्तरचाचणी असा चांगला क्रम दिलेला आहे. पण विद्यार्थ्यावर सोडले तर तो थेट सिम्युलेशनवर जातो. तिथे दोन साध्या गोष्टी कराव्यात. एक, सिम्युलेशनची लिंक उघडण्यापूर्वी अंदाज लिहून घ्यावा: रोध दुप्पट केला तर आलेख कसा बदलेल, दोन ओळींत लिहा. अंदाजाला चूक-बरोबर असे गुण नसावेत, पण तो लिहिल्याशिवाय पुढचे उघडू नये. मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या प्रणालीत ही अट सहज लावता येते. दुसरे, प्रत्येकाला मूल्ये वेगळी द्यावीत, रोल नंबरावरून किंवा मूडलच्या आकडे बदलणाऱ्या प्रश्नप्रकारातून. मग मित्राची मदत घेताना पद्धत विचारावी लागते, उत्तर उतरवून भागत नाही. अशी मदत मला हवीच आहे.

अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात वर आलेल्या कार्ल वायमन यांनीच २००२ मध्ये सुरू केलेल्या फेट प्रकल्पाची सिम्युलेशने वापरायची असतील, आणि त्यातली अनेक मराठीतही आहेत, तर सूचना जितक्या कमी द्याल तितके बरे. प्रत्येक क्लिक सांगणारी पत्रिका दिली की विद्यार्थी पत्रिका वाचतो, सर्किटकडे पाहत नाही. ‘दोन दिवे असे जोडा की एक काढला तरी दुसरा चालू राहील’ एवढे एक वाक्य तिथे पुरते.

माणसाच्या भागाविषयी आता स्पष्ट लिहितो, कारण महाविद्यालये इथेच हात आखडता घेतात. पंधरा-वीस विद्यार्थ्यांमागे तिसऱ्या वर्षाचा किंवा एम.एस्सी.चा एक सहायक असावा, आणि त्याला मानधन द्यावे. त्याने आठवड्यातून एकदा यादी पाहावी: कोणाचा प्रयोग दहा दिवसांपासून अर्धवट आहे? त्या प्रत्येकाला संदेश जावा, पण तो सर्वांना एकच असू नये. ‘आपले सबमिशन प्रलंबित आहे’ हा संदेश कोणी वाचत नाही. ‘तुमच्या दुसऱ्या प्रयोगात तीन रीडिंग दिसतात, तिसरे एकदम खाली गेले आहे. मीटरची रेंज बदलली होती का? आज रात्री आठ ते नऊ मी ऑनलाइन आहे, सर्किटचा फोटो पाठवा’ हा संदेश वाचला जातो, कारण तो लिहिणाऱ्याने तक्ता पाहिलेला आहे. दोन संदेशांना उत्तर आले नाही तर फोन करावा. फोनवर बहुधा प्रयोगाबाहेरचे कारण कळते: डेटा पॅक संपला आहे, घरात आजारपण आहे, किट पावसात भिजले आहे. त्यावर महाविद्यालयाला करता येण्याजोगे काहीतरी असतेच.

व्हिडिओंवर फार खर्च करू नये. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील ६९ लाख व्हिडिओ-पाहण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणाऱ्यांचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या वर गेला नव्हता. प्रात्यक्षिकात तर त्याहून लहान, एकेका जोडणीचे, आवाज बंद असला तरी कळतील असे तुकडे पुरतात. बॅज आणि क्रमवारीचे तक्ते यांच्या मी विरोधात आहे. जे पुढे आहेत त्यांना त्यांची गरज नसते आणि जे मागे पडले आहेत त्यांना ते रोज आठवण करून देतात की आपण मागे आहोत.

तोंडी परीक्षा मात्र ठेवावीच, आणि ती शेवटी एकदा न घेता प्रत्येक खिडकीच्या अखेरीस पाच मिनिटांची घ्यावी. विद्यार्थ्याचे जर्नल समोर उघडून, त्याच्याच तक्त्यातल्या एका रीडिंगवर बोट ठेवून विचारावे: हे असे का आले, आणि पुन्हा घेतले तर काय बदलाल? ज्याने प्रयोग केला आहे तो लगेच बोलू लागतो. ज्याने केलेला नाही त्याला त्याच खिडकीत तो करण्याची संधी द्यावी, कारण या वेळी ती देणे अजून शक्य असते.

प्रश्न विचारणाऱ्या प्राध्यापकांचे सत्र अर्धे उलटले असेल तर हे सगळे आत्ता बसणार नाही. या सत्रात तीनच गोष्टी कराव्यात. राहिलेल्या प्रयोगांतले दोन कमी करून एका प्रयोगाची दुसरी फेरी ठेवावी, ज्या पायरीवर सर्वाधिक विद्यार्थी थांबले आहेत ती शोधून तिथे मदतीची ओळ घालावी, आणि अर्धवट प्रयोग असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला या आठवड्यात त्याच्या तक्त्याविषयी एक संदेश लिहावा. ज्यांनी एकही प्रयोग उघडलेला नाही त्यांना संदेश न पाठवता थेट फोन करावा, आणि त्यांना राहिलेल्या कामाची यादी न सांगता फक्त रेझिस्टर मोजण्याचा पहिला अर्ध्या तासाचा प्रयोग फोन चालू असतानाच करून घ्यावा.